हर्षलाचं वजन वाढलं तो ऑक्टोबर

आमच्या कॉम्प्लेक्सच्या रस्त्यावर सातविणीची अकरा झाडं आहेत. बिल्डरने कधीतरी लावली, लवकर वाढतात म्हणून. वर्षभर त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग पाऊस जातो, हवा जागच्या जागी थांबते आणि एका संध्याकाळी रिक्षातून उतरताना तो वास येतो. गोड, जड, घशाशी बसणारा. शेजारच्या पटेलभाभी म्हणतात, "क्या मस्त खुशबू है ना?" मी "हां ना" म्हणते आणि लिफ्टकडे चालू लागते. घरी येऊन खिडक्या लावून घेते. एवढ्या उकाड्यात खिडक्या कसल्या लावतेस, असं नवरा पूर्वी विचारायचा. हल्ली विचारत नाही.

भाईंदरचा ऑक्टोबर ज्याने काढला नाही त्याला मी काय सांगते आहे ते कळायला जरा अवघड जाईल. पावसात धुतलेलं सगळं आठ दिवसांत पुन्हा धुळीने भरतं. बंद पडलेली बांधकामं सुरू होतात. खाडी ओहोटीला लागली की चिखलाचा वास स्टेशनच्या पूर्वेपर्यंत येतो आणि वारा फिरला तर उत्तनकडच्या सुकत घातलेल्या बोंबलांचाही. दुपारी बारानंतर आकाश पांढरं दिसतं. माणसं चिडचिडी होतात, पोरांना ताप येतात. आणि आमच्या प्रसूतिगृहाच्या बाकांवर नवव्या महिन्यातल्या बायका दुपट्ट्याने, पदराने, तपासणीच्या फायलीने वारा घेत बसलेल्या असतात. त्यांच्या पायांकडे माझी नजर जाते. आधी पाय, मग चेहरा. बोलणं त्यानंतर. ही सवय मला तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरने लावली.

मी आहारतज्ज्ञ आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पूर्वेकडच्या एका छोट्या प्रसूतिगृहात बसते. जिन्याखालच्या कोपऱ्यात माझं टेबल. टेबलावर दोन वाट्या, एक पेला, एक पळी आणि बाजूला वजनकाटा. रंगीत तक्ते भिंतीवर आहेत, पण ते कुणी वाचत नाही. वाटी हातात दिली की मात्र बाई खरं बोलते. "एवढा भात खाता का?" विचारलं की ती वाटीत बोट घालून दाखवते, "नाही हो, इथपर्यंत." माझं काम तिथून सुरू होतं. कुणाला सांगायचं, दोन जिवांचं म्हणून दुप्पट खाऊ नका. कुणाला सांगायचं, तुम्ही एका जिवापुरतंही खात नाही आहात.

हर्षला दुसऱ्या प्रकारातली. खाडीकडच्या मुर्धा गावची सून, वय चोवीस. लग्नाआधी इमिटेशन ज्वेलरीच्या कारखान्यात खडे चिकटवायचं काम करायची. नवरा निलेश पाण्याच्या टँकरवर. पाचवा महिना लागायच्या बेतात पहिल्यांदा माझ्या काट्यावर उभी राहिली तेव्हा एक्केचाळीस किलो भरली. ओढणीखाली गळ्याची हाडं वर आलेली. मी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?" तिने माझ्याकडे न बघता शेजारी उभ्या असलेल्या सासूकडे बघितलं.

सासू म्हणजे हिराबाई. साठीच्या अलीकडची, काळी, उंच, कपाळावर गोंदण. घरची मिठागरं होती तेव्हा उन्हात मीठ ओढलेलं शरीर. त्यांच्या गावच्या बोलीत लहानमोठं सगळ्यांना ‘तू’ म्हणतात, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून मी त्यांची ‘बाय’ आणि ‘तू’ झाले.

"खाते ती," हिराबाई म्हणाल्या. "भात खाते, भाजी खाते."

"किती?"

"पुरं एवढा."

"मावशी, हे पुरेसं नाही. हिचं वजन फार कमी आहे. बाळ वाढणार कसं?"

"बाल मोठा झाला तं बायेर येवाचा कसा?"

आमची नर्स फिसकन हसली. मला हसू आलं नाही. हे मी मराठी, गुजराती, भोजपुरी, सगळ्या भाषांत ऐकलेलं होतं. कमी खाल्लं की मूल बारीक राहतं आणि बाळंतपण सोपं जातं, हा समज घराघरांत आहे. मी माझं नेहमीचं भाषण केलं. बाळाला कमी पडलं तर ते आईच्या अंगातलं ओढून घेतं, बाळ अशक्त होतं, आई रक्त जायच्या वेळी तग धरत नाही; एवढ्या बारीक बाईचं नऊ महिन्यांत बारा-तेरा किलो तरी वाढायला हवं. हिराबाईंनी सगळं ऐकलं आणि हर्षलाच्या दंडाला धरून म्हणाल्या, "चल."

पुढच्या खेपेला वजन तेवढंच. मग मी हर्षलाला रक्ताच्या तपासणीला आत पाठवलं आणि हिराबाईंना स्टूल पुढे केलं. विचारलं, "मावशी, कुणाचं झालं होतं असं?"

त्यांनी माझ्या टेबलावरच्या वाटीकडे बघितलं. मग नामीची गोष्ट बाहेर आली. नामी त्यांची धाकटी बहीण, पहिलटकरीण, माहेरी बाळंतपणाला आलेली. आई नव्हती, म्हणून हिराबाईच तिला करून घालायच्या. तांदळाची भाकरी, तूप, खाडीतली कोलीम, खेकडे. नामी गोल झाली. कळा सुरू झाल्या त्या दोन दिवस थांबेनात आणि मूल येईना. तेव्हा गावातून नीट रस्ता नव्हता; चौघांनी तिला बाजेवर घालून मिठागराच्या बांधावरून स्टेशनकडे आणलं. बांध अरुंद, दोन्ही बाजूंना पाणी, ऊन वरून आणि खालून. अर्ध्या वाटेवर नामी गप्प झाली.

"पोर मोठा व्हता," हिराबाई म्हणाल्या. "सगली बोल्ली, लई मोठा व्हता. मीच चारलेला तिला."

त्या दिवशी मी भाषण केलं नाही. एवढंच म्हटलं की नामीचं बाळ अडलं, तसं आज अडलं तर डॉक्टर पोट उघडून काढतात, अर्ध्या तासात. पण अंगात रक्तच नसेल तर त्या अर्ध्या तासात हर्षला टिकायची नाही. आणि विचारलं, "एक अर्धी वाटी वाढवू या? फक्त अर्धी. पंधरा दिवस बघू."

हिराबाईंनी वाटी उचलली, आतून बोट फिरवलं, खाली ठेवली. "अर्धी," त्या म्हणाल्या.

अर्ध्या वाटीपासून आम्ही किती पुढे गेलो! सकाळी चहाआधी शेंगदाणे-गूळ. भाताबरोबर वालाचं बिरडं किंवा अंडं. मधल्या वेळेला नाचणीची आंबील. जवळा घरचाच होता, तो चटणीत. लोहाच्या गोळ्यांनी हर्षलाला मळमळायचं, म्हणून त्या जेवणानंतर, लिंबू पिळून. हिराबाई प्रत्येक खेपेला मला हिशेब दिल्यासारखं सांगत, "काल दोन अंडी खाली तिने. संध्याकालचा दूध न्हाय पिली, मी ओरडले." वजन आठवड्याला अर्धा किलो अशा बेताने चढत होतं. बेचाळीस, त्रेचाळीस, साडेचव्वेचाळीस. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, त्याचा फोटो हर्षलाने मला मोबाईलवर दाखवला. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, फुलांचे दागिने, आणि गळ्याची ती हाडं दिसेनाशी झालेली. सत्तेचाळीस किलो. मला माझाच अभिमान वाटला. तिच्या तपासणीच्या कार्डावर मी पेन्सिलीने वजनाची रेघ काढत असे. एकसारखी, शांतपणे वर जाणारी रेघ. नव्या मुलींना शिकवताना दाखवायची म्हणून मी तिची एक प्रतही काढून ठेवली होती.

आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, माणूस एखाद्या कामात यशस्वी व्हायला लागला की त्याला फक्त आपलं यश दिसायला लागतं. त्याच्या पलीकडचं काही समोर येऊन उभं राहिलं तरी तो त्यालाही आपलंच यश समजतो.

नवरात्र संपलं होतं. मंगळवार होता. सकाळी अकरालाच बाहेरचा पत्रा तापून तडतडत होता आणि ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरबाई एका अवघड सिझरमध्ये अडकलेल्या. नर्स एकटी, ती एकीचा रक्तदाब घेता घेता दुसरीला हाक मारत होती. हर्षला काट्यावर चढली आणि आकडा पावणेएक्कावन्नवर थांबला.

"अरे वा!" मी म्हटलं. "पन्नाशी ओलांडली की आमच्या हर्षलाने!"

हर्षला हसली. तिचा चेहरा भरलेला दिसत होता, गुलाबीसर. डोळे थोडे बारीक झाल्यासारखे. "मॅडम, मला पण वाटतच होतं," ती म्हणाली. "ड्रेस घट्ट होतोय सगळा. जरा डोकं दुखतंय दोन दिवस, ऊन खूप आहे ना."

नर्सने रक्तदाब घेतला होता, कार्डावर लिहिलेला होता. एकशे चाळीस, नव्वद. मी तो वाचला. खरंच वाचला. आणि मनात म्हटलं, उन्हातून चालत आली आहे, स्टेशनचा पूल चढून उतरून आली आहे, असणारच.

हिराबाई मात्र पुढे आल्या. त्यांनी हर्षलाचा हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. "बाय, ह्या बघ. बांगड्या रुतल्यान. नवरात्रात घातल्या, दहा दिस झालं न्हाय तं काढता येत न्हाय. नि तोंड बघ सकालचा कसा फुगतंय. मना बरा न्हाय दिसत ह्या."

मी हसले. आजही ते हसणं मला ऐकू येतं. "मावशी, वजन वाढलं की तुम्हाला भीती वाटते, मला माहीत आहे. पण आता आपण ती भीती सोडली होती ना? बाळ वाढतंय. सातव्या-आठव्या महिन्यात थोडी सूज सगळ्यांनाच येते."

"आसा न्हाय व्हता आधी."

"आधी खात कुठे होती?"

त्यांनी हर्षलाचा हात टेबलावरून उचलला. हर्षलाने विचारलं, "डॉक्टरांसाठी थांबू का?" मी आतल्या बंद दाराकडे बघितलं, बाकांवरच्या गर्दीकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन तास तरी लागतील. उन्हात ताटकळत कशाला बसता? वजन छान आहे. शुक्रवारी या, तेव्हा दाखवू. असंच चालू ठेव." हिराबाई दारापर्यंत गेल्या, तिथे थांबून त्यांनी एकदा मागे बघितलं, आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून बाहेर पडल्या.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा अडीच वाजले होते. मास्क गळ्यात, कपाळावर टोपीचा वळ. त्या बेसिनपाशी हात धूत होत्या आणि मी कौतुकाने कार्ड घेऊन तिथे गेले. "बघा डॉक्टर, माझी एक्केचाळीस किलोवाली. पावणेएक्कावन्न!"

त्यांनी ओले हात वर धरून कार्डाकडे बघितलं. त्या हसल्या नाहीत.

"मागचं किती होतं?"

"सत्तेचाळीस."

"कधी?"

"दोन आठवड्यांपूर्वी."

"दोन आठवड्यांत पावणेचार किलो?" त्यांनी नळ बंद केला. "हे जेवणाचं वजन नाही. हे पाणी आहे. बीपी एकशे चाळीस... लघवी तपासली? डोकं दुखत होतं का तिचं?"

"लघवी नाही तपासली. डोकं दुखतंय म्हणाली होती."

"कुठे आहे ती?"

"घरी गेली."

"कुणी जाऊ दिलं?"

मी हातातल्या कार्डाकडे बघितलं. त्यांना उत्तर कळलं. "फोन कर," त्या म्हणाल्या. "आत्ता."

हर्षलाचा फोन वाजत राहिला. नवऱ्याचा लागेना. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी पर्स उचलली आणि बाहेर येऊन रिक्षा थांबवली. "मुर्धा. भैया, जल्दी." पूर्वेकडून पश्चिमेला जायला त्या दिवशी किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पुलावर गाड्या उभ्या होत्या, एक ट्रक आडवा घुसला होता, हॉर्न वाजत होते. मी मांडीवर ते कार्ड धरून बसले होते. पेन्सिलीची रेघ सत्तेचाळीसपर्यंत हळूहळू चढत होती आणि तिथून एकदम सरळ वर गेली होती, भिंतीसारखी. शेवटचा ठिपका मीच सकाळी काढला होता. काढताना शेजारी एक छोटी बरोबरची खूण केली होती.

वस्ती विरळ झाल्यावर रस्त्याच्या कडेला खाडीची झुडपं सुरू झाली. ओहोटी होती. चिखल चकाकत होता आणि त्यावर एकही बगळा नव्हता. सोडून दिलेल्या मिठागरांच्या चौकटींत पावसाचं पाणी साचून हिरवं झालेलं. त्यांच्या मधून जाणारे बांध दिसत होते. अरुंद, कोरडे, भेगाळलेले. मी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

गावात शिरल्यावर घर विचारावं लागलं नाही. ओट्यापाशी दोन बायका उभ्या होत्या. हर्षला आत जमिनीवर पडली होती, डोळ्यांवर ओली पट्टी. खिडकीला हिराबाईंनी जाडी चादर अडकवली होती, कारण उजेड तिला सहन होत नव्हता. वांती झाली होती, त्याचा आंबट वास खोलीत होता. मला बघितल्याबरोबर हिराबाई उठल्या. "मी आनतच व्हते तिला. पोराला सांगून ठेवलाय, गाडी घेऊन ये."

"गाडीची वाट नको. रिक्षा उभी आहे."

हर्षला म्हणाली, "मॅडम, समोर चमकतंय काहीतरी. असं चम-चम." आणि पोटाच्या वर, बरगडीखाली हात ठेवला. मी तिच्या काखेत हात घातला. तिचं अंग जड होतं, घामाने गार, आणि दंडावर माझ्या बोटांचे खड्डे उमटून तसेच राहिले.

झुडपांच्या वळणावर तिला झटका आला. आधी तिची मान वळली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. मग दात बसले आणि सगळं अंग ताठलं. रिक्षावाल्याने आरशात बघून ब्रेक मारला. मी किंचाळले, "रुको मत!" हिराबाईंनी तिला कुशीवर वळवून मांडीत घट्ट धरलं, डोकं दांड्यावर आपटू नये म्हणून मध्ये स्वतःचा हात घातला. त्यांचा हात त्या लोखंडावर पुन्हा पुन्हा आपटत होता. त्या एकच शब्द म्हणत होत्या. मला वाटलं, हर्षलाचं नाव घेत आहेत. मग नीट ऐकू आलं. त्या "नामी, नामी" म्हणत होत्या.

हर्षला वाचली. आमच्याकडे पहिलं इंजेक्शन मिळालं, तिथून अँब्युलन्सने मोठ्या रुग्णालयात नेलं, तासाभरात सिझर झालं. मुलगी झाली, सव्वा किलोची. काचेच्या पेटीत ठेवलेली. मी तिला दोनदा पाहिलं. तिच्या पायाचा तळवा माझ्या अंगठ्याएवढा होता आणि ती झोपेत तोंड चोखल्यासारखं करायची. हिराबाई पेटीबाहेर उभ्या राहून तिला "खाते बघ, खाते बघ" म्हणायच्या. सहाव्या दिवशी सकाळी ती गेली.

त्यानंतर महिन्याभराने हिराबाई प्रसूतिगृहात आल्या. हातात पिशवी. पिशवीत निवडून स्वच्छ केलेला जवळा आणि एक नारळ. त्यांनी ओपीडीतल्या सगळ्या बायकांसमोर माझा हात धरला आणि म्हणाल्या, "ही बाय धावत आली म्हनून माझी सून हाय. न्हायतर गेली व्हती." बाकांवरच्या बायकांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. एकीने पदर डोळ्यांना लावला. मी पिशवी घेतली. बोलायचं होतं ते जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "आता कशी आहे हर्षला?"

तो जवळा आठ दिवस माझ्या स्वयंपाकघरात तसाच होता. मग मी तो खालच्या वॉचमनच्या बायकोला दिला.

डॉक्टरबाईंनी मला एकदाच समोर बसवलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "निदान करणं माझं काम आहे, तुझं नाही. पण काट्यापाशी तू बसतेस. जे मला आत दिसत नाही ते तुला बाहेर दिसतं." तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. वजन एकदम उडी मारून वाढलं किंवा रक्तदाब चढा आला, तर त्या बाईने डॉक्टरांना भेटल्याशिवाय दाराबाहेर जायचं नाही, कितीही गर्दी असो. नियम चांगला आहे. त्याने किमान दोघी वेळेत सापडल्या. पण एका कागदावर चार ओळींत लिहिता येईल असं काही शिकायला मला एक सव्वा किलोचं मूल लागलं.

काही शब्द त्यानंतर मला नीट ऐकवत नाहीत. "अंगावर आलंय छान." "तेज आलंय हो चेहऱ्यावर." "गुटगुटीत झालीस." सोसायटीच्या हळदीकुंकवाला कुणी गरोदर सुनेला असं म्हणालं की मी तिच्या अंगठीकडे बघते. सँडलच्या पट्ट्याचा वळ किती खोल आहे ते बघते. एकदा बाजारात भाजी घेता घेता एका अनोळखी मुलीला मी थांबवून विचारलं, डोकं दुखतं का ग? ती घाबरून नवऱ्यामागे गेली. आणि दुसरी गोष्ट, मी सासवांचं ऐकते. त्यांच्या दहा गोष्टींतल्या नऊ खोडून काढाव्याच लागतात; पपई, ग्रहण, केशराचं दूध. पण त्या दिवसरात्र त्या बाईजवळ असतात. सकाळी उठल्यावर तिचा चेहरा त्यांनी पाहिलेला असतो. मी पंधरा दिवसांतून पाच मिनिटं बघते.

हे सगळं आज लिहायचं कारण, या श्रावणात हर्षला पुन्हा आली. पाचवा महिना होता. आधीच्या खेपेचे कागद आणून तिने सुरुवातीपासून डॉक्टरबाईंचे उपचार चालू केले होते. माझ्या टेबलापाशी येऊन ती म्हणाली, "मॅडम, मी आले." मागे हिराबाई, थोड्या वाकलेल्या. वजन सेहेचाळीस. या वेळी खाण्यावरून काही सांगावं लागलं नाही. अंडी, डाळ, नाचणी, सगळं त्या आपण होऊन करतात. दर मंगळवारी येतात. दर मंगळवारी वजन, रक्तदाब, लघवी. घरी रक्तदाबाचं यंत्र आणलं आहे, नवरा सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहितो. धोका पुन्हा आहे, सदतीस आठवडे भरले की पुढे थांबायचं नाही, हे डॉक्टरबाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. मला तर सांगायची गरजच नव्हती. श्रावण गेला, भाद्रपद गेला. प्रत्येक वेळी हिराबाई स्टुलावर बसायच्या, आणि ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन परत जायचं.

सातवा महिना लागला आणि हवा थांबली. गेल्या मंगळवारी हर्षला सोनोग्राफीसाठी आत होती. बाहेर पत्रा तापलेला. हिराबाई पदराने मान पुसत होत्या. मी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरले आणि म्हणाले, "मावशी, मला एक सांगायचंय. त्या दिवशी मी धावत आले ते खरं आहे. पण तिला घरी मीच पाठवलं होतं. डॉक्टरांना न दाखवता. तुम्ही बांगड्या दाखवल्या होत्या, तुम्हाला कळलं होतं. मी हसले. तुम्ही सगळ्यांसमोर माझे आभार मानलेत आणि मी ते घेतले."

हिराबाईंनी मान पुसणं थांबवलं नाही.

"म्हाईत हाय मना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू पाठवलंस ता. मी तिथंच व्हते ना, बाय."

मी टेबलाखालचे हात सोडले. विचारलं, "मग परत माझ्याकडेच का आणलीत तिला? भाईंदरमध्ये एवढी हॉस्पिटलं आहेत."

"निलेश बोल्ला तसा. दुसरीकडं नेऊ बोल्ला." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. "नवीन बाई तिला बघून काय बोलेल? चांगली हाय, जा घरी. तू न्हाय बोलनार. तू भ्यायलेली हायस. मना भ्यायलेलीच पाहिजे व्हती."

आतून नर्सने हाक मारली. हर्षला पोटावरचं जेल पुसत बाहेर आली आणि आमच्या दोघींच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाली, "काय झालं?"

"काय न्हाय," हिराबाई म्हणाल्या. "बस हितं."

नर्सने तिच्या दंडाला पट्टा बांधला. रबरी फुगा दाबल्याचा आवाज, मग हवा सुटत जातानाची ती लांब फुसफुस. हिराबाई उठून माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना यंत्रावरचे आकडे वाचता येत नाहीत, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी नर्सला म्हटलं, "पुन्हा एकदा घे." तिने पुन्हा घेतला. एकशे अठरा, शहात्तर. मी मान डोलावली आणि हिराबाईंनी श्वास सोडला.

त्या मंगळवारचं तेवढं झालं. अजून नऊ मंगळवार आहेत.